अँड्रोमेडाची बाजू घ्यायची तर

बायोवेअर स्टुडिओचा 'मास इफेक्ट: अँड्रोमेडा', म्हणजे अंतराळातल्या मोहिमांच्या मालिकेतला चौथा भाग, चांगला गेम आहे असं सांगलीच्या विश्रामबागेतल्या कुठल्याही हॉस्टेलच्या खोलीत म्हणून बघा. हशा ठरलेला. हसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तो गेम उघडलेलाही नसतो. त्यांनी पाहिलेल्या असतात त्या २०१७ मधल्या दहा-दहा सेकंदांच्या क्लिप: बटणासारखे डोळे, खेकड्यासारखी चाल, बोलणं एकीकडे आणि ओठ दुसरीकडे. अशांशी तोंडी वाद घालणं म्हणजे घसा कोरडा करून घेणं. गेम दाखवावा लागतो, आणि तोही तयारी करून, कारण अँड्रोमेडातला सगळ्यात कच्चा भाग अगदी सुरुवातीच्या तासांत येतो. तयारी न करता 'नवा गेम' दाबून कंट्रोलर मित्राच्या हातात दिलात, तर विरोधकांचं काम तुम्हीच केलंत.

आधी मान्य काय करायचं

बाजू मांडणाऱ्याची पहिली चूक म्हणजे सगळंच चांगलं आहे असा हट्ट. पुढच्या गोष्टी पहिल्या दोन मिनिटांत, समोरच्याने विचारायच्या आत मान्य करून टाका.

चेहऱ्यांचं अ‍ॅनिमेशन कमी पडलं. असारी जमातीच्या जवळपास सगळ्या बायका एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसतात, वेगळी दिसते ती आपल्या तुकडीतली पीबी. अख्खी नवी आकाशगंगा, आणि त्यात बोलणाऱ्या नव्या जमाती दोनच, अंगारा आणि केट. मुख्य खलनायक आर्कॉन लक्षात राहण्यासारखा नाही. इन्व्हेंटरी (जवळचा माल) आणि क्राफ्टिंगचे (वस्तू बनवायचे) मेनू कंटाळवाणे आहेत. आधीच्या तीन भागांत लढाई थांबवून साथीदारांची कुठली शक्ती कुणावर वापरायची ते ठरवता यायचं, ती सोय इथे नाही. आणि क्वेरियन लोकांच्या जहाजाचा धागा गेममध्ये अर्धवट सुटलाय, तो पुढे एका कादंबरीत नेला. गेमसाठी पैसे मोजलेल्या माणसाला हे उत्तर पटणार नाही, पटवायला जाऊही नका.

एवढं मान्य केलं की समोरच्याकडची निम्मी काडतुसं संपतात.

मग तारखा सांगा, कारण तारखा या वादात कामाला येतात. गेम विक्रीला आला २१ मार्च २०१७ ला. त्याआधी १६ मार्चपासून प्रकाशक कंपनी ईएच्या वर्गणीदारांना दहा तासांची ट्रायल खुली होती, आणि बहुतेक गाजलेल्या क्लिप त्या दिवसांतल्या आहेत. ६ एप्रिलला १.०५ हा दुरुस्तीचा पॅच आला, त्यात डोळे आणि ओठांच्या हालचाली सुधारल्या आणि एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहाकडे जातानाचं लांबलचक दृश्य वगळायची सोय झाली. जूनमधल्या १.०८ ने चेहरा घडवायचा भाग सुधारला. शेवटचा पॅच १.१०. त्यानंतर १९ ऑगस्टला बायोवेअरने जाहीर केलं की एकट्याने खेळायच्या भागासाठी आता काही येणार नाही. म्हणजे बाजू घ्यायची ती १.१० ची. आज डाउनलोड केल्यावर तीच मिळते.

गेम असा का झाला, हे कुणी विचारलं तरच सांगा. आधीचे तिन्ही भाग अनरियल इंजिन ३ वर होते. अँड्रोमेडासाठी घेतलं फ्रॉस्टबाइट. ते डाइस या स्टुडिओने बॅटलफील्डसारख्या गोळीबाराच्या गेमसाठी बांधलेलं, त्यामुळे आरपीजीला (पात्र घडवत कथा खेळायच्या गेमला) लागणारं बरंच सामान त्यावर नव्याने उभं करावं लागलं. त्यात शेकडो ग्रह संगणकाकडून आपोआप तयार करून घ्यायचा बेत बराच काळ चालला आणि शेवटी सोडून द्यावा लागला. काम सुमारे पाच वर्षं चाललं, पण हातात आलेला गेम मुख्यतः शेवटच्या दीड वर्षात बनला, असं २०१७ च्या जूनमध्ये पत्रकारांनी बाहेर काढलं. हे एकदाच सांगून सोडा. स्टुडिओच्या अडचणींवर कुणी गेम विकत घेत नाही.

मशीन

किमान गरज: ६४ बिट विंडोज, प्रोसेसर आय५-३५७० किंवा एफएक्स-६३५०, ८ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स ६६० किंवा रेडिऑन एचडी ७८५० (दोन्ही २ जीबीची), आणि ५५ जीबी मोकळी जागा. शिफारस आहे १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०६० ची ३ जीबी आवृत्ती किंवा आरएक्स ४८० ची ४ जीबी आवृत्ती यांची. म्हणजे आजच्या मानाने जुनं, सेकंडहँड मशीनही चालेल. फक्त एसएसडीवर टाका. हार्डडिस्कवर लोडिंग इतका वेळ खातं की पाहुणा मोबाइल काढून बसतो.

४० एमबीपीएसच्या लाइनवर पूर्ण वेग मिळाला तरी ५५ जीबी उतरायला तीन तास लागतात. रोज दीड-दोन जीबी देणाऱ्या मोबाइल रिचार्जवर हा उद्योग करू नका, महिना जाईल. आदल्या रात्रीच उतरवून ठेवा आणि एकदा नेट चालू असताना गेम उघडून बघा. ईएचं अ‍ॅप पहिल्या वेळी लॉगिन मागतं, आणि पासवर्ड नेमका चार माणसं समोर बसली की आठवत नाही.

ग्राफिक्सच्या पर्यायांत फिल्म ग्रेन आणि क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन ही दोन्ही बंद करा. पहिल्याने चित्रावर बारीक वाळू पसरल्यासारखी दिसते, दुसऱ्याने कडांना रंग फुटतात. दोन्ही गेल्यावर तोच ग्रह लख्ख दिसतो. फ्रेम कमी पडत असतील तर आधी सावल्या उतरवा, मग रेझोल्यूशन स्केल. टेक्श्चर शेवटी. सबटायटल चालू ठेवा, कारण ड्रॅक या साथीदाराचं घोगरं इंग्रजी पंख्याच्या आवाजात कुणाला कळत नाही.

लॅपटॉप असेल तर एप्रिल-मेमधल्या सांगलीच्या दुपारी हा कार्यक्रम ठेवूच नका. खोलीच ४० अंशांच्या आसपास असते, लॅपटॉप तापतो, स्वतःचा वेग स्वतः कमी करतो आणि बघणारा म्हणतो, 'बघ, गेमच अडकतोय.' रात्री आठनंतर बसा, लॅपटॉपखाली हवा जाईल असं काही ठेवा, आणि चार्जर लावलेला असू द्या. बॅटरीवर ग्राफिक्स कार्ड पूर्ण ताकद लावत नाही.

लाइटचा मुद्दा याहून मोठा आहे. मुख्य मोहिमांत आणि व्हॉल्टमध्ये (प्राचीन यंत्रांच्या जमिनीखालच्या दालनांत) अँड्रोमेडा हाताने सेव्ह करू देत नाही. गेम स्वतः ठरावीक ठिकाणी सेव्ह करतो, आणि दोन ठिकाणांमधलं अंतर कधी कधी बरंच असतं. वळिवाच्या पावसात लाइट गेली की ते सगळं गेलं. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसवर गेमिंग पीसी काही मिनिटंच तग धरतो, तेवढ्यात सेव्ह करून नीट बंद करता येतो, बस. म्हणून दाखवायचा बराचसा भाग मोकळ्या ग्रहावर ठेवायचा. तिथे लढाई नसेल तेव्हा केव्हाही सेव्ह करता येतं.

तीन सेव्ह तयार ठेवा

पहिला सेव्ह इऑस ग्रहावरचा, व्हॉल्ट चालू करून रेडिएशन हटवल्यानंतरचा, प्रोड्रोमॉस वस्तीच्या बाहेर नोमॅड गाडीत बसलेला. दुसराही इऑसवरच, शत्रू केटच्या एखाद्या छोट्या तळापासून शंभर-दीडशे मीटरवर. तिसरा टेंपेस्ट जहाजावर, साथीदार लियामचा विश्वास कमवायची, म्हणजे निष्ठेची, मोहीम 'ऑल इन' सुरू व्हायच्या अगदी आधीचा. निष्ठेच्या मोहिमा एकदम उघडत नाहीत, कथा पुढे सरकेल तशा उघडतात, तेव्हा तिसऱ्या सेव्हसाठी तुम्हाला स्वतःला बरंच खेळून ठेवावं लागेल. बाजू घ्यायची म्हणजे आधी गेम पूर्ण केलेला असावा, हे ओघाने आलंच.

चेहरा मूळचाच ठेवा. स्कॉट आणि सारा रायडर या नायक-नायिकेचे मूळ चेहरे खऱ्या माणसांचे स्कॅन घेऊन केलेत, ते बोलताना बरे दिसतात. हाताने घडवलेला चेहरा स्थिर चित्रात छान वाटतो आणि पहिल्या संवादात घात करतो.

लढाई कशी मांडायची

या गेमचं सगळ्यात भक्कम अंग म्हणजे लढाई. संपूर्ण मालिकेत लढाई सगळ्यात चांगली इथेच आहे, आणि हे विधान बेधडक करा. अट एकच: खेळणाऱ्याला ती खेळता आली पाहिजे. जुन्या भागांच्या सवयीने आडोशाला बसून गोळ्या झाडल्या, तर अँड्रोमेडा एक मध्यम दर्जाचा शूटर वाटतो.

शक्ती एका वेळी तीनच लावता येतात. दाखवण्यासाठी या तीन लावा: सिंग्युलॅरिटी, थ्रो आणि चार्ज. सिंग्युलॅरिटी शत्रूला हवेत अधांतरी धरते आणि पुढच्या धक्क्यासाठी 'तयार' करते. थ्रो किंवा चार्ज तो धक्का देतात आणि कॉम्बो (दोन शक्तींचा मिळून स्फोट) फुटतो. क्रम उलटा झाला तर काही फुटत नाही, नुसता शत्रू ढकलला जातो. नवख्याचं नेमकं इथे चुकतं, तो तिन्ही बटणं एकामागून एक बडवतो. कंट्रोलरवर या शक्ती खांद्याच्या डाव्या बटणावर, उजव्यावर आणि दोन्ही एकत्र दाबल्यावर येतात. कीबोर्डवर १, २, ३.

आणखी एक पथ्य: निळी शील्ड किंवा पिवळं चिलखत शाबूत असलेल्या शत्रूला उचलता येत नाही. शील्ड आधी उतरवा, गोळ्यांनी किंवा ओव्हरलोडने. चिलखतावर आग चालते, म्हणजे फ्लेमथ्रोअर किंवा इन्सिनरेट. हे माहीत नसलेला माणूस 'शक्ती चालतच नाहीत' म्हणून कुरकुरतो.

प्रोफाइल, म्हणजे लढायची पद्धत, व्हॅनगार्ड ठेवा. चार्ज मारला की स्वतःची शील्ड भरून येते, त्यामुळे पळून जाण्याऐवजी अंगावर जाणं फायद्याचं ठरतं आणि लढाईचा नूरच पालटतो. बंदूक एकच घ्या, हलकी. वजन वाढलं की शक्ती परत भरायला वेळ लागतो. तीन-तीन जड बंदुका पाठीवर लादून फिरणाऱ्याला चार्ज वेळेवर मिळत नाही आणि तो मधल्यामध्ये मरतो. लढाई सुरू असताना जतन केलेल्या दुसऱ्या शक्तिसंचावर उडी मारू नका, नव्या शक्ती भरलेल्या मिळत नाहीत, वाट बघावी लागते.

आता हालचाल. उडी, हवेत असतानाच बाजूला झेप, आणि हवेतच नेम धरला तर क्षणभर तरंगणं. हे तीन जोडून दाखवा: आडोशामागच्या केटच्या वर उडी, तरंगत सिंग्युलॅरिटी, खाली येता येता चार्ज. आडोशासाठी वेगळं बटण नाही, भिंतीजवळ गेलं की पात्र आपसूक वाकतं. दोन-तीन लढाया स्वतः करा, मग कंट्रोलर द्या. भडंगाची परात मात्र लांब ठेवा, तेलकट अंगठ्याने नेम धरता येत नाही.

अवघडपणा 'नॉर्मल' ठेवा. 'कॅज्युअल'वर शत्रू कॉम्बो फुटायच्या आत मरतात, त्यामुळे दाखवायचं तेच दिसत नाही. 'इन्सॅनिटी'वर एकेकाला मारता मारता चहा गार होतो. सोबत पीबी आणि ड्रॅक घ्या. पीबीकडे पुल आणि शॉकवेव्ह आहेत, तिच्यामुळे कॉम्बो वाढतात, आणि ड्रॅक शत्रूंना स्वतःवर ओढून घेतो. पात्राची शक्तिरचना बिघडलेली वाटली तर टेंपेस्टच्या दवाखान्यात क्रेडिट देऊन सगळे पॉइंट परत घेता येतात. नवा गेम सुरू करायची गरज नसते.

आर्किटेक्टशी लढाई दाखवू नका. ते रेमनंट, म्हणजे प्राचीन यंत्रांच्या जातीचं, प्रचंड यंत्र दिसायला थरारक आहे, पण लढाई लांबते, ते मध्येच जागा बदलतं आणि तुम्हाला गाडीतून मागे धावावं लागतं. पाहुण्याला तेवढा धीर नसतो.

गाडी, आणि मग माणसं

नोमॅडला बंदूक नाही, यावर टोमणा येईलच. येऊ द्या, आणि एक उभा चढ शोधा. नोमॅडला दोन अवस्था आहेत, एक वेगाची आणि एक सहाही चाकांच्या पकडीची. साताऱ्याहून कासकडे निघाल्यावर यवतेश्वरच्या घाटात गिअर उतरवावा तसं चढाआधीच बदलायचं. चढावर वेग मेल्यावर बदललं तर गाडी मागे घसरते, आणि 'गाडी चढत नाही' ही तक्रार इथूनच जन्मते. सपाटीवर परत वेगाच्या अवस्थेत. उडी आणि बूस्ट जोडले की छोटी दरी पार होते.

गाडीत साथीदार आपसात बोलतात, आणि त्यांचं बोलणं हा या गेमचा दुसरा आधार आहे. पण ते सहज तुटतं. सॅम या रायडरच्या संगणकी सोबत्याने मध्येच तापमान किंवा खनिजाची सूचना दिली की चाललेला विनोद अर्ध्यावर राहतो. म्हणून बोलणं सुरू झालं की खनिजाच्या पट्ट्यांपासून लांब, मोकळ्या माळावर गाडी हाका, नवीन खुणेजवळ जाऊ नका आणि स्कॅनर बंद ठेवा.

मग तिसरा सेव्ह. 'ऑल इन'मध्ये जहाजाचं गुरुत्वाकर्षण फिरतं आणि भिंतीची जमीन होते. पण खरी मजा आहे ती सगळ्यांच्या फजितीत. ही मोहीम पाहिलेला माणूस 'लेखन फालतू आहे' हे वाक्य सहसा दुसऱ्यांदा म्हणत नाही. मध्ये सेव्ह होणार नाही, हे लक्षात ठेवून आभाळाकडे बघून सुरू करा.

एक गोष्ट मुद्दाम दाखवू नका: वडिलांच्या, म्हणजे अ‍ॅलेक रायडरच्या आठवणी. निरनिराळ्या ग्रहांवरून आठवणींचे तुकडे गोळा करायचे आणि हायपेरियन जहाजावरच्या सॅम नोडमध्ये जाऊन त्या पाहायच्या, अशी ती मोहीम आहे, 'रायडर फॅमिली सीक्रेट्स'. कथेतलं सगळ्यात चांगलं लेखन तिथे आहे, आणि ते ज्याचं त्यानेच उलगडायला हवं. फक्त 'ती मोहीम टाळू नकोस' एवढं बजावून ठेवा.

येणारे मुद्दे

'शेपर्ड नाही.' बरोबर, आधीच्या तीन भागांचा हा नायक इथे मुद्दाम नाही. शेपर्ड पहिल्यापासून कसलेला सैनिक. रायडर हे विशीतलं पोर. वडिलांची जबाबदारी अचानक अंगावर पडलेली, आणि ६३४ वर्षांच्या झोपेतून उठल्यावर वचन दिलेली जमीन राहण्याजोगीही नाही. म्हणून इथे सज्जन-दुर्जन असं गुणांकन काढून टाकलं. उत्तरं भावनेची, तर्काची, खेळकर किंवा रीतसर अशा चार सुरांत देता येतात. मात्र हे चार सूर शेवट बदलत नाहीत, स्वभाव घडवतात. त्याहून जास्त दावा करू नका.

'ग्रह रिकामे आहेत.' इथे २००७ चा पहिला मास इफेक्ट समोर ठेवा. त्यातही उजाड ग्रह होते, त्यातलीही गाडी कुप्रसिद्ध होती, इन्व्हेंटरी तर डोकेदुखीच होती. तरी तो गेम लोकांनी प्रेमाने आठवणीत ठेवला. अँड्रोमेडाची तुलना बहुतेक जण दुसऱ्या भागाशी करतात, आणि त्या तुलनेत तो हरतो. पहिल्याशी केली तर सामना बरोबरीचा होतो, काही बाबतींत तो पुढेही जातो. विरोधकाने पहिला भाग खेळलेला नसेल तर हा मुद्दा वाया जातो, तेव्हा आधी विचारून घ्या.

'गोष्ट जुनीच आहे, प्राचीन यंत्रं आणि दुष्ट परग्रहवासी.' हे खरं आहे. पण कडारा ग्रहाकडे बोट दाखवा. नेक्सस स्थानकावरच्या बंडानंतर हाकललेले लोक तिथे आपलं राज्य चालवतात, आणि स्लोन की रेयेस यापैकी कुणाला साथ द्यायची हा प्रश्न दोन्ही बाजूंनी खुपतो. गावच्या राजकारणात मुरलेल्या माणसाला तो लगेच उमगतो.

पटलं, आता तो घरी नेतोय

इथेच बाजी हातची जाते. एकटा खेळायला बसला की तो इऑसवर उतरतो आणि नकाशावरची प्रत्येक खूण गोळा करत सुटतो, तेही रेडिएशनमध्ये, लाइफ सपोर्ट संपत असताना. तासाभरात वैतागून गेम काढून टाकतो. त्याला आधीच सांगा: पहिल्या फेरीत इऑसवर फक्त मुख्य मोहीम. मोनोलिथ (प्राचीन यंत्रांचे खांब), व्हॉल्ट, वस्ती. बाकीचं रेडिएशन गेल्यावर.

जर्नलमध्ये 'अ‍ॅडिशनल टास्क्स' नावाचा कप्पा आहे. त्यातली बहुतेक कामं दहा दगड स्कॅन करा, पंधरा पेट्या शोधा अशी आहेत. तो कप्पा उघडूच नका. वाटेत एखादं आपोआप पूर्ण झालं तर झालं. साथीदारांच्या, निष्ठेच्या आणि ग्रहांच्या नावाखालच्या मोहिमा मात्र घ्या. जहाजावरची 'मूव्ही नाइट' क्षुल्लक वाटते, पण शेवटपर्यंत न्या.

वस्ती वसवायला ग्रहाची व्हायबिलिटी (राहण्याजोगेपणा) ४० टक्के पुरते. शंभर करण्याचा नाद फक्त आवडलेल्या ग्रहापुरता. ऐया ग्रह झाल्यावर व्होएल्ड किंवा हावार्ल, यातलं हावार्ल आधी बरं, कारण ते आटोपशीर आहे आणि गाडी लागत नाही. व्होएल्ड बर्फाचा आणि ऐसपैस आहे. नंतर कडारा. एलाडेनचं वाळवंट त्यानंतर.

रेमनंट कुलपांचं कोडं सुडोकूच्या जातीचं आहे: प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि आखलेल्या चौकटीत एक चिन्ह एकदाच. चुकलं की रेमनंट अंगावर येतात. कंटाळा असेल तर व्यापाऱ्यांकडे डिक्रिप्शन की मिळते, ती वापरली की कोडं सुटल्यात जमा. दोन-तीन जवळ बाळगा. चिन्हं पुरेशी दिसत नसतील तर आसपासच्या खांबांवर चढून स्कॅनरने शोधावी लागतात. बरेच जण अर्धी चिन्हं घेऊन कोड्याशी झटत बसतात.

क्राफ्टिंगमध्ये तीन प्रकारचा संशोधन-डेटा असतो: मिल्की वे, हेलियस आणि रेमनंट. तिन्हींत थोडं थोडं खर्चलं की कशातच काही बनत नाही. एक चिलखत आणि एक बंदूक ठरवा, त्यांनाच पॉइंट द्या, आणि बाकीचा माल विकून टाका.

विकत घेताना घाई करायला सांगू नका. २०२० पासून तो स्टीमवरही आहे आणि सेलमध्ये किंमत बरीच उतरते. ईएची महिन्याची वर्गणी घेतली तरी मिळतो, आणि नुसतं चाखून बघायचं असेल तर तेच स्वस्त. पण महिनाभरात संपवायचा म्हणून कुणी मुख्य कथाच धावत पुरी करणार असेल, तर त्याला थांबवा. निष्ठेच्या सहा मोहिमा वगळून केलेला अँड्रोमेडा खरंच तेवढाच वाईट आहे, जेवढा लोक म्हणतात.